नित्यनेम आणि देहधर्म

‘नेम’ हा शब्द मराठीचा खरा. पण कन्नड भाषाही तो आपलाच म्हणून वापरते. संस्कृतातील ‘नियम’ दोन्ही भाषांच्या जिभेवर झिजून सारखाच गुळगुळीत झाला आणि हुबळी-धारवाडच्या घराघरांत नांदू लागला. कोणी इष्टलिंगपूजेचा नेम पाळतो, कोणी हरिपाठाचा, कोणी सोमवारचा, कोणी वारीचा. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नेम धरणे म्हणजे दृष्टी एका बिंदूवर स्थिर करणे. तेव्हा नेमात नियमितपणा आहे, तसेच लक्ष्यही आहे. मठाच्या वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी ज्या विषयाचा विचार कर्तव्य आहे, तो या दोन्ही अर्थांना धरून आहे. देह निरोगी राहावा, हातून काम चांगले व्हावे आणि चित्त प्रसन्न असावे, यासाठी दररोज काय करावे, किती करावे, आणि मुख्य म्हणजे ते टिकवावे कसे?

काय करावे, हे बहुतेकांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते टिकविण्याचे वर्म. चातुर्मासाच्या आरंभी मनुष्य मोठ्या उत्साहाने संकल्प करतो. पहाटे चारला उठेन, शंभर सूर्यनमस्कार घालीन, दोन तास जप करीन, साखरेला शिवणार नाही. आठ-दहा दिवस बरे जातात. मग घरी पाहुणे येतात, एखाद्या रात्री जागरण घडते, अंगात कणकण येते आणि नेम मोडतो. मोडल्याचे दुःख एवढे होते की, तो मनुष्य नेमाचे नावच टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच संकल्प आणि पुन्हा तोच भंग. अशी वर्षे जातात, देह थकतो, आणि आपल्या अंगी निग्रह नाही ही खंत मात्र मनात घर करून राहते. ही खंत बहुधा अनाठायी असते. निग्रह पुष्कळांपाशी असतो. चुकते ते संकल्पाचे माप. थोडे घ्यावे, ठरल्या वेळी करावे आणि मोडले तर दुसऱ्या दिवशी तेथूनच पुन्हा धरावे, एवढे नेमाचे सार आहे.

हे सार नवे नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय ‘दिनचर्या’ याच नावाचा आहे. त्याच्या आरंभी ब्राह्ममुहूर्ती उठण्यास सांगितले आहे. परंतु ती आज्ञा ‘स्वस्थ’ मनुष्यास आहे, हे अनेकांच्या ध्यानी राहत नाही. व्यायामाविषयी तर ग्रंथकार फारच सावध आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, असे तो सांगतो. अतिश्रम, अतिजागरण यांच्या मागे लागणाऱ्यास त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पराक्रम मोठा, पण अंती नाश. वाईट सवय कशी सोडावी आणि चांगली कशी लावावी, याविषयी चरक व वाग्भट यांचे मत एकच आहे. एकदम काही सोडू नये, एकदम काही धरू नये. क्रमाक्रमाने, पावापावाने सोडावे आणि त्याच रीतीने धरावे. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याने ती आजच बंद करण्याची प्रतिज्ञा करू नये. आज दीड चमचा घ्यावा, जीभ रुळली की एक, पुढे अर्धा. जिभेची समजूत घातली की ती ऐकते. तिच्यावर जुलूम केला की ती बंड करते.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातील तिसऱ्या समासात प्रापंचिकाची दिनचर्या सांगितली आहे. प्रातःकाळी उठणे, काही पाठांतर, यथाशक्ती भगवंताचे स्मरण, शुचिर्भूत होऊन पूजा-अर्चा, मग थोडा फलाहार आणि त्यानंतर संसाराचा उद्योग, असा तो क्रम आहे. त्यात दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली ही की, स्मरणालासुद्धा समर्थांनी शक्तीचे माप लावले. दुसरी ही की, आपापल्या व्यवसायात सावध असणे आणि गोड शब्दांनी लोकांस राजी राखणे, हेही त्यांनी त्याच दिनचर्येत गोविले. बसवण्णांनी बाराव्या शतकात कायकाला जे स्थान दिले, त्याचा रोख हाच आहे. पूजा एकीकडे आणि काम दुसरीकडे, अशी वाटणी या भूमीतील संतांनी मानली नाही. मठात डोळे मिटून बसणारा आणि दुकानात वजनमापात लबाडी करणारा मनुष्य एकाच दिवसाचे दोन तुकडे करतो. अशा तुकड्यांना दिनचर्या म्हणता येत नाही.

आता आधुनिक शास्त्र काय म्हणते ते पाहू जाता, त्याचीही साक्ष याच बाजूची आहे. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते देहातील घड्याळाच्या शोधासाठी. फळांवर घोंगावणाऱ्या इवल्या माशीच्या पेशींत त्यांनी या घड्याळाची चक्रे शोधली. मनुष्याच्या देहातही तसेच घड्याळ चालते. झोप, भूक, देहाची उष्णता, रक्तदाब यांची रोजची भरती-ओहोटी त्यावर ठरते. आणि सकाळचा उजेड हे घड्याळ रोज जुळवून देतो. सूर्योदयास अंगणात उभे राहून अर्घ्य देणाऱ्या पूर्वजांना पेशींचे ज्ञान नसेल. पण त्यांचे घड्याळ मात्र रोज जुळत होते. परंतु पहाटे उठण्याचे पुण्य रात्री लवकर निजण्यावर अवलंबून आहे. प्रौढ मनुष्यास निदान सात तासांची झोप हवी, असे निद्राशास्त्राचे जाणकार सांगतात. पहाटे पाचला उठावयाचे तर रात्री दहाला दिवा मालवला पाहिजे. बारापर्यंत मोबाइलच्या पडद्यावर डोळे खिळवून पहाटे गजराच्या धाकाने उठणारा मनुष्य ब्राह्ममुहूर्त साधत नाही. तो झोपेची चोरी करतो, आणि चोरीचा माल पूजेत चालत नाही.

नेम सवयीत केव्हा मुरतो, याचाही शोध घेण्यात आला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट घ्यावयाची आणि रोज ठराविक प्रसंगी ती करावयाची. कोणी जेवणाबरोबर फळ खाई, कोणी पेलाभर पाणी पिई, कोणी रात्रीच्या जेवणापूर्वी पाव तास धावे. ती गोष्ट विनासायास होऊ लागण्यास सरासरीने ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८, तर कोणास २५४ दिवस लागतील असे गणित निघाले. दक्षिणेत मंडळव्रत ४८ दिवसांचे मानतात आणि चातुर्मास चार महिन्यांचा असतो. हा ६६ चा आकडा त्या दोहोंच्या मध्ये पडतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली, आणि ती खंतावलेल्या मनाला दिलासा देणारी आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या क्रियेत फारसा बिघाड होत नाही.

हुबळीच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. तो रोजकीर्द लिहितो. एखाद्या दिवशी मेळ बसला नाही, तर तो वही जाळीत नाही आणि दुकानाला कुलूपही घालीत नाही. चूक सापडली तर दुरुस्त करतो, न सापडली तर तशी नोंद करून दुसऱ्या दिवशी नव्या पानावर लिहू लागतो. नेमाची वही याच रीतीने चालवावी. काल चुकलेल्या जपाचे व्याज लावून आज दुप्पट जप करण्याचीही गरज नाही. दंडाच्या भीतीने नेम सुटतो. आजचे आज करावे, एवढेच पुरे.

थोडे आणि रोज, या तत्त्वाचे फळ किती मोठे असू शकते, याचे उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ साली धारवाडात झाला. त्यांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीत आपल्या ढंगाची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे बंद केले. १९२८ साली हे कुटुंब हुबळीस आले. पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकू लागल्या. संसाराचा भार डोक्यावर होता, मुले लहान होती, पैशाची ओढ होती. गुरूंची शिकविण्याची रीत अशी की, एखादी लहानशी स्वरावली द्यावी आणि ती गळ्यावर पक्की बसेपर्यंत पुढे जाऊच नये. रागांचा ढीग पदरात घालण्याची घाई तेथे नव्हती. पुढे गळ्याच्या दुखण्यावरील उपचारानंतर गंगूबाईंचा कोवळा आवाज पालटून भारदस्त, पुरुषी झाला. गायिकेला याहून मोठे संकट कोणते? पण रियाज सुटला नाही. पालटलेल्या आवाजालाच त्यांनी नव्याने वळण लावले आणि तोच आवाज किराणा घराण्याचे भूषण ठरला. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीत गायल्या. २००९ साली हुबळीस त्यांनी देह ठेवला. देहाचे साधन बदलले तरी नेम बदलत्या साधनासह चालू ठेवता येतो, हा त्यांच्या चरित्रातला धडा केवळ गवयांसाठी नाही. गुडघे दुखू लागले म्हणून प्रदक्षिणा थांबली, डोळे मंदावले म्हणून पोथी मिटली, असे म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी तो आहे.

आता प्रत्यक्ष देहाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे आहे. प्रौढ मनुष्याने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस तरी स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यात मिळवावा. आकडा मोठा वाटतो; पण दीडशे मिनिटांचे सात भाग केले, तर दिवसाला बावीस मिनिटेही पुरी होत नाहीत. सद्गुरू सिद्धारूढ स्वामींचे नाव धारण करणाऱ्या हुबळी स्थानकावरील लांब फलाट १५०७ मीटरचा असून जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची कीर्ती आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे तीन किलोमीटर, आणि झपाझप चालणाऱ्यास त्याला सुमारे अर्धा तास लागतो. फलाटावर फिरावयास जावे असा याचा अर्थ नव्हे. अंतराचा अंदाज यावा म्हणून हे माप सांगितले. चालावयास हुबळीत उणकल तलावाचा काठ आहे, नृपतुंग टेकडी आहे, धारवाडात केलगेरीचा तलाव आहे. आणि काहीच नसेल तेथे मठाची प्रदक्षिणा आहेच.

स्नायूंच्या बळासाठी सूर्यनमस्कारासारखा सोपा उपाय नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः नमस्कारांचा नेम धरला, आपल्या संस्थानातील शाळांत तो रुजविला आणि इंग्रजीत पुस्तक लिहून तो परदेशापर्यंत पोहोचविला. १८६८ साली जन्मलेले हे राजे १९५१ पर्यंत जगले. त्यांचे नमस्कार पुष्कळ असत. पण नवशिक्याने त्यांच्या आकड्याकडे पाहू नये, त्यांच्या सातत्याकडे पाहावे. तीन नमस्कारांनी आरंभ करावा आणि ते अंगवळणी पडल्यावर चौथा घालावा. ज्यास वाकवत नाही, त्याने खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठावे आणि बसावे. कीर्तनाला जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येणे, ही वार्धक्यातील मोठी संपत्ती आहे.

आहाराविषयी बोलताना धारवाडच्या पेढ्याचे नाव टाळून चालणार नाही. भारतात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले. या सभामंडपातही ज्यांच्या घरी हा रोग नाही, अशी कुटुंबे थोडीच असतील. प्रसाद नाकारू नये; पण प्रसादाचे माप कण हेच आहे. कणभर पेढा प्रसाद असतो, पावशेर पेढा हा जिभेचा कौल असतो. जोंधळ्याची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हे या प्रदेशाचे नित्याचे अन्न आजही उत्तम आहे. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभराहून कमी, असावे. लोणचे-पापडातले मीठही त्यातच मोजावे. रात्रीचे जेवण झाल्यावर शतपावली करण्याची मराठी घरांतील जुनी चाल पुन्हा सुरू करावी. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते, हे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. मात्र मधुमेहाची औषधे अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशी-शिवरात्रीचा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. उपवासात घेरी येऊन पडणे, हे कोणत्याही देवाला प्रिय नाही.

कामाच्या बाबतीतही नेम तोच. दिवसातले सर्वांत अवघड काम पूजेनंतरच्या पहिल्या तासात हाती घ्यावे आणि तो तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. विद्यार्थ्याने अवघड गणित, कारकुनाने तुंबलेली फाइल, शेतकऱ्याने टाळलेले काम त्या वेळी धरावे. जपाला बसल्यावर मन भटकले की, ते हळूच नामाकडे आणावे, असे मठात शिकविले जाते. हीच रीत कामात वापरावी. भटकलेल्या मनावर रागावण्यात गेलेला वेळ, भटकण्यात गेलेल्या वेळाइतकाच वाया जातो.

परंतु नेमाची खरी कसोटी आणखी एके ठिकाणी लागते, आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाच वाजता पूजेला बसणाऱ्या पुरुषासाठी चार वाजता उठून पाणी कोण तापविते? त्याच्या उपवासाचा निराळा फराळ कोण करते? रात्री सर्वांच्या मागून कोण निजते? घरातील गृहिणीची झोप पाच तासांची आणि यजमानाचा नेम मात्र अखंड, असे असेल तर त्या नेमाचे पुण्य कोणाच्या खाती लिहावे? दुसऱ्याची झोप मोडून पाळलेला नेम हा उसन्या पैशाचा दानधर्म होय. ज्याने आपले पाणी आपण भरले, पूजेची उपकरणी आपण घासली, जेवल्यावर आपले ताट आपण उचलले आणि रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपून स्वयंपाकघराला लवकर विश्रांती दिली, त्याचा व्यायामही झाला आणि दासोहही घडला. गृहिणीलाही दिवसातून अर्धा तास असा मिळावा की, ज्यात तिला कोणी हाक मारणार नाही. त्या अर्ध्या तासात ती जप करील, फिरावयास जाईल अथवा नुसती स्वस्थ बसेल. तो तिचा नेम.

तसेच ज्यांची पहाट पहाटे होतच नाही, त्यांचाही विचार केला पाहिजे. रेल्वेत रात्रपाळी करणारा कामगार, रुग्णालयात रात्र जागविणारी परिचारिका, पहारेकरी, हे सकाळी घरी येऊन निजतात. काकड आरतीला येता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःस उणे मानू नये. नेम घड्याळाच्या काट्याला बांधता येत नसेल, तर तो प्रसंगाला बांधावा. उठल्यावर, स्नानानंतर, कामावर निघताना, असा त्याचा संकेत ठरवावा. निजावयाची खोली अंधारी करून घ्यावी. आणि निजण्या-उठण्याच्या वेळा शक्य तितक्या एकसारख्या ठेवाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाने श्वासाबरोबर तीन वेळा नाम घेतले, तरी त्याचा नेम पूर्ण झाला. यथाशक्ती या शब्दाचा अर्थ एवढा उदार आहे.

मग मठाने काय करावयाचे? मठाची घंटा रोज त्याच वेळी वाजते. कोणी आले नाही म्हणून ती थांबत नाही, आणि काल न आलेल्यास आज दार बंद करीत नाही. एकट्याने धरलेला नेम वाऱ्यावरच्या दिव्यासारखा असतो. शेजारी बसणारा कोणी असला की त्याला आडोसा मिळतो. एखादा नेहमीचा भक्त चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन, ‘का हो, बरे आहे ना?’ असे विचारावे. त्या प्रश्नात टोचणी नसावी, आपुलकी असावी. अशा एका प्रश्नाने सुटलेला नेम पुन्हा धरला जातो, आणि पुष्कळदा घरात लपलेले आजारपण अथवा अडचणही वेळीच कळते. वर्धापनाच्या उत्सवात मंडप उभारले जातात आणि उतरतात; ही विचारपूस मात्र वर्षभर टिकणारी आहे.

तेव्हा, भक्तजनहो, आज येथून घरी जाताना मोठा संकल्प करू नये. एकच छोटी गोष्ट निवडावी. ती कशानंतर करावयाची, ते ठरवावे. घरातील माणसांवर तिचा भार पडत नाही ना, ते पाहावे. उद्या ती करावी; परवा चुकली तर तेरवा करावी. पुढील वर्धापनाला जेव्हा पुन्हा सर्वजण या मंडपात जमतील, तेव्हा त्या लहानशा नेमाने प्रत्येकाच्या देहाला थोडे बळ, कामाला थोडी नीट आणि मनाला थोडी शांती दिलेली असावी, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.